सलग रेघ

१

ऐन दसऱ्याला, सगळ्या संचालकांच्या डोळ्यांदेखत कारखान्याचा कॉम्प्युटर बंद पडला, आणि तोही खुद्द चेअरमनच्या हातून.

चेअरमन गोरक्षनाथअण्णांनी कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या तोंडाशी ठेवला, दाखवलेलं बटण दाबलं. यंत्रानं दोन-चार कार्डं गिळली, घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि तांबडा दिवा लावून गप्प बसलं. अण्णांनी बटण पुन्हा दाबलं. दिवा तांबडाच. टाळ्या वाजवायला वर आलेले संचालकांचे हात हळूच खाली गेले.

राहात्याजवळच्या या सहकारी साखर कारखान्यानं एकोणीसशे एकोणसत्तरला पुण्याच्या एका कंपनीकडून वापरलेलं यंत्र आणलं होतं. त्याला काम एकच: कुणाचा ऊस कधी तोडायचा, तो क्रम लावणं. आधी हा क्रम माणसं लावायची आणि मग ज्याचा मेहुणा ऑफिसात त्याचा ऊस पहिला. यंत्राला मेहुणा नव्हता, म्हणून सभासद त्याच्यावर खूश होते. पण यंत्राला हातानं भरवावं लागे. गावांच्या एका गटाचं काम झालं की ऑपरेटरनं ती कार्डं काढायची, पुढच्या गटाची लावायची, दिवसभर हेच. आता कंपनीनं नवीन 'ऑपरेटिंग सिस्टिम' काढली होती. दोन गठ्ठे कार्डं सुरुवातीला एकदा भरवली की यंत्र पुढची सगळी कामं आपली आपण ओळीनं उरकणार. दिवाळीनंतर गाळप सुरू व्हायचं होतं. त्याआधी नवीन पद्धत घ्यायची की जुनीच चालवायची, हे ठरवायला दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. आणि एकाहत्तर सालच्या त्या मुहूर्ताचं हे असं झालं.

"सांगा, काय झालं?" अण्णांचा आवाज बाहेरच्या अंगणापर्यंत गेला. तिथं पाळी बदलणारे कामगार उभे होते. ते ऐकायलाच थांबले.

कंपनीचे इंजिनिअर राधाकृष्ण दामले घाम पुसत यंत्राशी वाकले. आत राहिलेल्या कार्डांच्या कडेवर शाईची तिरकी निळी रेघ होती. "रेघ सलग आहे," ते म्हणाले. "म्हणजे गठ्ठा सांडलेला नाही, विस्कटलेला नाही. मग आतली कार्डंच कुणीतरी बदलली असणार. आणि हे अडाण्याचं काम नाही, जाणकाराचं आहे."

सगळ्यांच्या नजरा काचेच्या दाराबाहेर गेल्या. तिथं ऑपरेटर शमुवेल साळवे उभा होता. समारंभात त्याला आत घेतलं नव्हतं, कारण अष्टमीला याच दारात तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हंगामाच्या तोंडावर हे आणाल तर पस्तावाल."

"कपाटाच्या दोन किल्ल्या," अण्णा म्हणाले. "एक मॅनेजरची, एक ह्याची. आनखी काय पाहिजे? शमुवेल, मुहूर्ताला घात केलास!"

अंगणात कुजबुज उठली. शमुवेल तिथल्या तिथं उभा राहिला. "अण्णा, मी काही केलं न्हाई," तो म्हणाला. "पण बंद पडलं ते बरं झालं."

२

या वाक्यानंतर शमुवेलची नोकरी वाचवायला कोण पुढं येणार? पण रंगनाथ कडूंना ते वाक्य भलतंच आवडलं.

रंगनाथराव निवृत्त फौजदार, आता कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. नोकरीत असताना ते एका गोष्टीसाठी बदनाम होते: वरून गुन्हेगाराचं नाव आलं की यांना ते पटायचंच नाही. त्यापायी तीन बदल्या झाल्या, तरी खोड गेली नाही. खरा गुन्हेगार 'बरं झालं' असं कधी म्हणत नाही, तो हळहळतो, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

"अण्णा, खोलीला कुलूप लावा," ते म्हणाले. "कुनी कशाला हात लावायचा न्हाई, दामलेसाहेबांनीसुदिक. मला उद्या दुपारपत्तुर वेळ द्या."

"उद्या बाराला मीटिंग हाय. तोवर दुसरं काही निघालं न्हाई तर शमुवेलला घरी बसवनार. आनि पोलिसात बी देनार."

खोली रिकामी झाल्यावर रंगनाथरावांनी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. आत गारवा होता, आणि त्यांना गारवा मुळीच सोसत नसे. उपरणं कानांवरून गुंडाळून ते यंत्राभोवती फिरले. डाव्या बाजूला यंत्रानं वाचून बाहेर टाकलेला पहिला गठ्ठा होता. तो दामल्यांनी स्वतः लावला होता आणि तो नीट चाललाही होता. उजव्या बाजूला अण्णांच्या हातचा दुसरा गठ्ठा, जवळजवळ सगळाच आत पडून. दोन्हींच्या वरच्या कडेवर निळी रेघ होती. पहिल्या गठ्ठ्याची रेघ जवळच्या डाव्या कोपऱ्यातून निघून लांबच्या उजव्या कोपऱ्यात जात होती. दुसऱ्याची उजव्या कोपऱ्यातून निघून डाव्यात. 'पहिल्याची खूण अशी, दुसऱ्याची तशी,' रंगनाथरावांनी मनाशी म्हटलं, 'म्हंजे घोटाळा नको.' प्रत्येक कार्डाचा एक कोपरा तिरपा कापलेला होता आणि दोन्ही गठ्ठ्यांत ते सगळे कोपरे एकाच बाजूला नीट जुळले होते.

गठ्ठे ज्यातून आणले त्या दोन पत्र्याच्या पेट्या टेबलावर होत्या. पहिली स्वच्छ. दुसरीच्या तळाशी, अगदी सांध्यात, तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला. रंगनाथरावांनी तो नखानं काढला नाही, फक्त पाहिला.

बाहेर दामले सिगारेट ओढत येरझारा घालत होते.

"साहेब, ती रेघ कशाला असते?"

"कार्डं एकाखाली एक ठराविक क्रमानंच असावी लागतात. एक जरी इकडची तिकडं झालं तर यंत्र अडतं. म्हणून गठ्ठा नीट लावला की कडेवर तिरकी रेघ ओढायची. गठ्ठा सांडला की रेघ तुटते, लगेच दिसतं. अष्टमीला मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. मॅनेजर, शमुवेल, त्या पंचिंगच्या बाई, सगळे होते. त्या दिवशी मी दोन्ही गठ्ठे चालवून पाहिले. उत्तम चालले. मग रेघा ओढल्या, कपाटात ठेवले आणि पुण्याला गेलो."

"रेघा तुमीच ओढल्या?"

"माझ्याच हातानं. डावीकडून उजवीकडं. आमच्याकडं सगळे तशीच ओढतात."

"दोन्हींच्या?"

"दोन्हींच्या." दामले वैतागले. "आणि एक सांगतो, फौजदारसाहेब. तुमच्या लोकांना यंत्राची किंमत नाही. मॅनेजर वाबळे मला विचारतात, खंडेनवमीला या कार्डांची पूजा करू का? मी म्हटलं, हळदीकुंकवाचा एक कण आत गेला तर यंत्र बसेल. कार्डांना हात लावाल तर खबरदार."

रंगनाथरावांनी मान डोलावली आणि चहा प्यायला गेले. कँटीनच्या बाकावर बसून त्यांनी ओल्या बोटानं टेबलावर एक तिरकी रेघ काढली, शेजारी दुसरी काढली आणि चहाचा कप तसाच हातात धरून राहिले. चहा निवून गेला. चहा निवू देण्याची त्यांची ही नोकरीतली दुसरीच वेळ होती.

३

फिलोमिना पंडित पंचिंग विभागाच्या प्रमुख. कार्डांना छिद्रं पाडायचं काम त्यांच्याकडं. त्या राहत्या घराच्या ओसरीवर तोरण बांधत होत्या. शेजारणींच्या दारांना झेंडू लागले की आपल्याही दाराला हवाच, असं त्यांचं म्हणणं. रंगनाथराव आले तशा त्या खुर्ची आणायला उठल्या.

"बसा बाई, मी उभाच बरा. समजा, तुमच्या हातून गठ्ठा सांडला. सगळी कार्डं भुईवर. काय कराल?"

"रडेन," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "आणि मग गोळा करून सॉर्टरवर टाकेन. प्रत्येक कार्डाचा नंबर छिद्रांतच असतो ना. सॉर्टर ती छिद्रं वाचून कार्डं ओळीनं लावतो. चहा होईपर्यंत गठ्ठा जसाच्या तसा."

"रेघ बघून न्हाई लावनार?"

"रेघ बघायला आहे, लावायला नाही. एकेक कार्ड रेघेला जुळवत बसायचं म्हणजे सगळी दुपार जाईल. ज्याला छिद्रं वाचता येतात तो कशाला बसेल?"

"छिद्रं कुनाकुनाला वाचता येतात?"

"मला, शमुवेलला, दामलेसाहेबांना. बस." मग त्यांचा चेहरा बदलला. "साहेब, शमुवेलनं नाही केलं हो हे. त्याची हन्ना मघाशी दुकानातून आली ती पुन्हा घराबाहेर पडली नाही. दुकानात तिच्याशी कुणी बोलेना. नवऱ्याच्या नावानं अंगणात ओरडले ना अण्णा, ते सगळ्या कॉलनीनं ऐकलंय. आता आत काहीही ठरलं तरी बाहेर तो चोरच."

शमुवेलच्या घरी कुणी तोरण बांधलं नव्हतं. तो स्वतः दारात बसून सायकलची चेन साफ करत होता. त्याची बायको हन्ना प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिनं पाणी आणून दिलं आणि लगेच आत गेली.

"खंडेनवमीला कुठं हुतास?"

"तिसगावला. सासऱ्याकडं. सकाळच्या यष्टीनं गेलो, दिवेलागणीला आलो. किल्ली हितं खिळ्यावर हुती." त्यानं मागं मान केली. "साक्षीदार म्हनाल तर सासरा. त्याचं कोन मानील?"

"तुला नवीन पद्धत नको. हे खरं?"

"खरं."

"का? हाताचं काम जाईल म्हनून?"

शमुवेलनं चेन खाली ठेवली. "फौजदारसाहेब, नोकरी जाईल म्हनून मी बोललो असतो तर मॅनेजरच्या खोलीत जाऊन हळू बोललो असतो. मी दारात बोललो. ती पद्धत चांगलीच हाय. पन शिकल्याबिगर हंगामात घालायची न्हाई, एवढंच माझं म्हननं."

"आनि समज, तुला ती बंदच पाडायची असती तर?"

"एका कार्डात एक छिद्र जास्त पाडलं असतं," शमुवेल शांतपणे म्हणाला. "पहिल्या दिशी बरं चाललं असतं. आठ दिवसांनी भलतंच कायतरी छापून आलं असतं. पुन्याचे साहेब महिनाभर डोकं खाजवत बसले असते, आनि माझं नाव सपनातबी आलं नसतं कुनाच्या."

रंगनाथराव उठले. हे बोलणं न्यायाधीशासमोर गेलं तर शमुवेल सरळ आत जाईल. पण त्यांच्या मनात मात्र त्याच बोलण्यानं शमुवेलला पार बाहेर काढलं. इतका हुशार माणूस इतका कच्चा घात करत नाही. मग कच्चं काम कुणाचं?

४

मॅनेजर मच्छिंद्र वाबळे यांनी रंगनाथरावांना घरी बोलावून सोनं दिलं. आपट्याची पानं हातात ठेवून त्यांनी दार लोटून घेतलं.

कॉम्प्युटर हे मच्छिंद्ररावांचं लेकरू म्हणायला हरकत नाही. तो आणायचा ठराव त्यांचा, नवीन पद्धतीचा प्रस्ताव त्यांचा. संचालकांच्या घरोघरी जाऊन त्यांनी पटवलं होतं. कार्डांवरची छिद्रं मात्र त्यांना वाचता येत नव्हती. ते हिशेबनीस होते, तंत्रज्ञ नव्हेत. पण रोज सकाळी आधी खोलीला नमस्कार, मग खुर्चीवर. नवीन पद्धत नसावी असं वाटणाऱ्यांत त्यांचं नाव शेवटी येईल, आलंच तर.

"रंगनाथराव, एक विनंती करू?" ते म्हणाले. "शमुवेलला पोलिसात नका देऊ. नोकरीवरूनही काढू नका. पोरगा चांगला आहे. समज द्या, पगारवाढ रोखा, पण..."

"का? त्यानं केलं असंल तर?"

"केलं असेल तरी." मच्छिंद्ररावांनी नजर आपट्याच्या पानांकडं वळवली. "माणसाच्या हातून चूक होते."

"तुमची किल्ली कुठं असते?"

"करगोट्याला. आंघोळीलासुद्धा काढत नाही."

रंगनाथरावांनी आणखी काही विचारलं नाही. उठताना त्यांची नजर सहज देवघराकडं गेली. कालच्या खंडेनवमीची पूजा अजून तशीच मांडलेली होती. विळा, कोयता, जुनी टाकदौत, वजनकाटा, सगळ्यांवर हळदीकुंकू. पाटावर मधोमध एक चौकोनी जागा मात्र रिकामी होती. तिच्या चारी बाजूंनी झेंडूच्या पाकळ्या आणि लाल अक्षता पडल्या होत्या, पण त्या चौकोनात एकही दाणा नव्हता.

तिथून ते तडक अण्णांकडं गेले. अण्णा पलंगावर पाय दाबून घेत होते आणि अजून धुमसत होते.

"अण्णा, आज मुहूर्ताला पूजा कशी केली?"

"कसली पूजा! तो पुन्याचा साहेब करू देईल तर. बाहेरच्या पायरीवर नुसता नारळ फोडला. आत जाताना हात धुवायला लावले मला. मला!"

"अक्षता?"

"न्हाई म्हनलं ना. नुसता नारळ." अण्णा उठून बसले. "का? घावला का कोन?"

"घावला," रंगनाथराव म्हणाले. "उद्या सगळ्यांना त्या खोलीत बोलवा. शमुवेललाबी, आतमधी."

५

दुसऱ्या दिवशी गार खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. संचालक, दामले, फिलोमिनाबाई, मच्छिंद्रराव, आणि काचेच्या आतल्या बाजूला प्रथमच शमुवेल. रंगनाथराव उपरणं कानांवर घेऊन यंत्राशेजारी उभे राहिले.

"दामलेसाहेब काल म्हनले, रेघ सलग हाय, म्हंजे गठ्ठा सांडला न्हाई. आपन सगळ्यांनी ते ऐकलं आनि रेघ तुटलीय का एवढंच बघितलं. आता साहेब, जरा रेघ कुठून कुठं जाते ते बघा."

दामले वाकले. पहिला गठ्ठा पाहिला, दुसरा पाहिला. त्यांचे कान लाल झाले.

"उलटी आहे," ते पुटपुटले. "डावीकडून उजवीकडं हवी. दुसऱ्या गठ्ठ्याची उलटी आहे."

"म्हंजे काय झालं?"

"म्हणजे... शेवटचं कार्ड पहिलं आलंय आणि पहिलं शेवटी. अख्खा गठ्ठा उलट्या क्रमानं. बदललेलं एकही कार्ड नाही!"

खोलीत गलका झाला. रंगनाथरावांनी हात वर केला.

"थांबा. हा गठ्ठा आपला आपन उलटा झाला न्हाई. कापलेले कोपरे सगळे पहिल्या गठ्ठ्यासारखेच त्याच बाजूला हायेत, म्हंजे नुसता फिरवून ठेवला न्हाई, एकेक कार्ड हातात घेऊन लावलंय. तर गठ्ठा सांडला. कुनीतरी तो उचलला आनि दुपारभर बसून, कोपऱ्याला कोपरा आनि रेघेला रेघ जुळवत पुन्हा रचला. आता मला सांगा, घात करनारा मानूस विस्कटलेलं एवढ्या मायेनं रचंल का? तो तसंच टाकून जाईल. म्हंजे हा घात न्हाई. ही चूक हाय, आनि ती निस्तरायची धडपड हाय."

"पण कुणाची?" कुणीतरी मागून विचारलं.

"फिलोमिनाबाई म्हनल्या, ज्याला छिद्रं वाचता येतात तो रेघ जुळवत बसनारच न्हाई, सॉर्टरवर टाकंल. म्हंजे बाई न्हाईत, दामलेसाहेब न्हाईत आनि शमुवेलबी न्हाई. राहिला असा मानूस, ज्याला रेघ सलग पाहिजे एवढं ठाऊक, पन ती कुठून कुठं जाते हे ठाऊक न्हाई. अष्टमीला दामलेसाहेबांनी सांगितलेलं त्यानं मन लावून ऐकलं, पन अर्धंच त्याच्या लक्षात ऱ्हायलं." त्यांनी टेबलावरची पेटी उचलून तळ सगळ्यांना दाखवला. "आनि ह्या पेटीत ही लाल अक्षत हाय. काल मुहूर्ताला अक्षता नव्हत्या, नुसता नारळ हुता. मग ही आली कधी? नवमीला. त्या दिशी कारखाना बंद, घरोघरी हत्यारांची पूजा. ज्याला ह्या पद्धतीचं सगळ्यात जास्त वेड, तोच तिला पूजेबिगर कसा ठेवील? त्याला साहेबांनी मनाई केली, म्हनून त्यानं चोरून केली. कपाटाच्या किल्ल्या दोन. शमुवेल वगळला तर—"

रंगनाथराव तिथंच थांबले. नाव घ्यायचं त्यांनी मुद्दाम टाळलं आणि कुणाकडंही पाहिलं नाही. चोराला आपणहून बोलायला थोडी उसंत द्यावी, ही त्यांची जुनी रीत.

मच्छिंद्रराव पुढं आले. एवढ्या गारव्यात त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मी," ते म्हणाले. "दोन पेट्या जड झाल्या म्हणून एकच घरी नेली. पाटावर कोयत्याशेजारी ठेवली. हळदीकुंकू पेटीला लावलं, कार्डांना लावलं नाही, एवढं भान होतं. उचलताना पाटाला पाय अडला. सगळी कार्डं घरभर. बायको म्हणाली, शमुवेलला बोलवा. मला लाज वाटली. दुपारभर मांडी घालून बसलो. रेघ जुळली तेव्हा मी देवाला हात जोडले." त्यांचा आवाज फाटला. "आणि काल अण्णांनी शमुवेलचं नाव घेतलं तेव्हा माझी जीभ उचलली नाही."

६

फिलोमिनाबाईंनी गठ्ठा सॉर्टरवर टाकला. खरंच, चहा येईपर्यंत तो सरळ झाला. दामल्यांनी दोन्ही गठ्ठे पुन्हा लावले, मागून पाच गटांची कार्डं लावली आणि हात मागं बांधून उभे राहिले. यंत्र घरघरलं. एका गटाचा क्रम छापून आला, लगेच दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. कुणीही बोट लावलं नाही. संचालकांनी या वेळी टाळ्या वाजवल्याच. रंगनाथरावांनाही कबूल करावं लागलं की दृश्य देखणं होतं.

"मग काय!" अण्णांचा चेहरा खुलला. "यंत्राचा दोष न्हाई, मुहूर्ताचा न्हाई. ह्या हंगामाला नवीनच. ठरलं?"

"नको, अण्णा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शमुवेल.

"अरे, आत्ता तुझी नोकरी वाचली," अण्णा थक्क होऊन म्हणाले. "काल ह्याच बोलन्यापायी ती जात हुती."

"व्हय. म्हनून आज गप बसलो तर कालचं माझं बोलनं खोटं ठरंल." शमुवेलचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "यंत्र झकास चालतंय. पन जुन्या पद्धतीत एका गटाचं अडलं तर मी ते बाजूला ठेवतो, दुसरं लावतो. गाड्या चालू ऱ्हातात. ह्याच्यात पहिल्याच पायरीला अडलं तर सगळ्या गटांचं अडतं. आनि का अडलं ते काल कुनाला कळलं? हंगामात असं झालं तर तोडनीच्या टोळ्या कुठल्या फडात धाडायच्या? ह्या हंगामाला जुनं चालवू. आमाला शिकू द्या. उन्हाळ्यात मी स्वता लावून देतो."

दामले काही बोलायला गेले. अण्णांनी त्यांना हातानंच थोपवलं. "मॅनेजर म्हनून तुमचं मत काय, मच्छिंद्रराव? प्रस्ताव तुमचा हाय."

रंगनाथरावांनी मच्छिंद्ररावांकडं पाहिलं. ज्या माणसानं या एका गोष्टीसाठी दारोदार उंबरे झिजवले, तो आता काय बोलणार, हे कुणाला सांगता आलं असतं?

"शमुवेल म्हणतो तेच बरोबर," मच्छिंद्रराव म्हणाले. "मला रेघ जुळलेली दिसली आणि मी खूश झालो. ह्या हंगामात आपण सगळे तसेच खूश होऊ. मी प्रस्ताव मागं घेतो."

अण्णांनी एकदा यंत्राकडं, एकदा शमुवेलकडं पाहिलं. मग म्हणाले, "हंगामाला जुनं. उन्हाळ्यात नवीन. आनि तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो, मच्छिंद्रराव."

लोक पांगायला लागले. दाराशी मच्छिंद्ररावांनी शमुवेलला गाठलं आणि हात जोडले. "मला माफ कर."

शमुवेलनं ते हात धरून खाली केले. त्याचा चेहरा मऊ नव्हता. "हितं नको, साहेब. हितल्यांना कळलंय. माझं नाव अंगनात घेतलं हुतं."

रंगनाथराव शेजारीच होते. ते कानांवरचं उपरणं सोडायला लागले. बाहेर भोंगा झाला. पाळी सुटली आणि अंगण माणसांनी भरलं. फाटकाशी, शाळेच्या वाटेवर, हन्ना खाली मान घालून चालली होती, आणि कडेला उभ्या बायका बोलायच्या थांबून तिच्याकडं बघत होत्या.

मच्छिंद्ररावांनी टोपी काढली. पुन्हा घातली. मग ते पायऱ्या उतरून थेट अंगणाच्या मध्यात गेले, तिथं उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जरा थांबा सगळे. हन्नाताई, तुम्हीपण थांबा. शमुवेलनं काहीही केलेलं नाही. केलं ते मी."